मागच्या बाजूच्या लाद्या

१

संगमरवर ही इमारतीला बाहेरून लावायची वस्तू नाही. हे मी इतक्यांना इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना मलाच जांभई येते. पण वास्तुविशारद नावाच्या प्राण्याला पांढरं काही दिसलं की राहवत नाही. तो कागदावर एक शुभ्र इमारत काढतो, बिल्डर ती उभी करतो, लोक आ वासून घरं घेतात, आणि काही वर्षांनी एखादी लादी कुणाच्या तरी गाडीवर पडली की सगळे मिळून मला बोलावतात. मग मी दोरांवर टांगलेल्या झुल्यात उभा राहतो आणि लाकडी हातोडीने एकेक लादी ठोकत वरून खाली येतो. तोंडावर लोक मला साहेब म्हणतात, माझ्या मागे टकटक्या म्हणतात, आणि मला दोन्हींचं सोयरसुतक नाही.

काम सोपं आहे, कान असेल तर. या लाद्या भिंतीला चिकटवलेल्या नसतात. त्या स्टीलच्या आकड्यांवर टांगलेल्या असतात, आणि लादी आणि मागचं काँक्रीट यांच्यामध्ये चार बोटं जागा मोकळी सोडलेली असते. हवा खेळावी, आत शिरलेलं पाणी उतरून जावं म्हणून. चांगली लादी ठोकली की स्वच्छ वाजते आणि तो आवाज मागच्या पोकळीत किंचित घुमतो. बिघडलेली लादी बद्द वाजते, वाजत्या ताटावर कुणी हात ठेवावा तशी. एवढंच शास्त्र. यासाठी लोक पदव्या घेतात, यंत्रं आणतात, आणि शेवटी माझ्याकडे बघतात.

ही इमारत माझ्या भावोजींची. म्हणजे ते तिथे राहतात आणि इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष आहेत, पण त्यांच्या चालण्याबोलण्यावरून ती त्यांनीच बांधली असावी असं कुणालाही वाटेल. माझ्या थोरल्या बहिणीने या माणसाशी संसार कसा केला हे मला कधी उमगलं नाही. ते माझ्याबरोबर खाली अंगणात उभे राहिले आणि हात मागे बांधून वर बघत म्हणाले, "काय मेव्हणे, किरकोळच असणार ना?"

किरकोळ काही नव्हतं. पुढची बाजू दिवसभर उन्हात असते. संगमरवर तापला की त्याचे कण फुगतात, निवला की परत आक्रसतात, पण सगळेच आपल्या जागेवर येत नाहीत. वर्षानुवर्षं हे चाललं की लादी वाकते, तिचं पोट सुटतं. रस्त्याकडच्या बाजूला गाड्यांच्या धुराने काळी खपली धरली होती, आणि खपली निघाली तिथे खालचा दगड मऊ पडला होता. तिसऱ्या बाजूला पावसाचा मारा. तिथे नुसता तळहात फिरवला की साखरेसारखे दाणे हाताला लागत होते. मी ते दाणे भावोजींच्या हातावर ओतले.

"पॉलिश मारून भागणार नाही का?" त्यांनी विचारलं.

मी हातोडी उचलून पुढच्या कामाला लागलो. अशा प्रश्नांना उत्तर दिलं की माणूस पुढचा प्रश्न विचारतो.

२

मागची बाजू मी नेहमी शेवटाला ठेवतो, कारण तिथे काही नसतं. या इमारतीच्या मागे एका बंद पडलेल्या गोदामाची बिनखिडक्यांची उंच भिंत आहे. दोन्हींमध्ये झुला जेमतेम मावेल एवढी फट. तिथे ऊन पोचत नाही, पाऊस पोचत नाही, वारा आणि धूरही चुकूनच. दगडाला याहून सुखाचं आयुष्य नसतं. तिथल्या लाद्या काल लावल्यासारख्या दिसायला हव्या होत्या, आणि दिसतही होत्या. माझ्याबरोबर झुल्यात असणारा झुलेवाला म्हणाला, "साहेब, इथलं काम जेवणाच्या आत उरकतंय बघा."

वरचे मजले स्वच्छ वाजले. पाचव्या मजल्यावर आलो आणि हातोडीखालून बद्द आवाज आला. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द. शेजारची लादी, तिच्या शेजारची, खालची ओळ, सगळ्या तशाच. मग मी गाल लादीला टेकवून एका डोळ्याने कडेकडेने पाहिलं. प्रत्येक लादीचं पोट सुटलेलं होतं. पुढच्या उन्हातल्या लाद्यांपेक्षाही जास्त.

हे मला आवडलं नाही. दगड पहिल्यांदा चेहऱ्यावर खराब होतो. आधी चमक जाते, मग दाणे सुटतात, मग भेगा, मग बाक. इथे चेहरा जसाच्या तसा होता. माझी बोटं त्यात मला पुसट दिसत होती. बिघाडाची एकही पायरी न चढता या लाद्या थेट शेवटच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या, जणू त्यांना कुणीतरी आतून ढकलत होतं.

"इथे गरम हवेचं एखादं तोंड आहे का? गोदामाचं?" मी विचारलं.

"गोदाम कधीचं बंद आहे साहेब. उंदीरसुद्धा सोडून गेले असतील."

मी तळहात लादीवर ठेवला. सावलीतला दगड हाताला गार लागतो. हा कोमट होता. आत गरम पाण्याचा पाइप असेल, बसवणाऱ्या महाभागाने तो बाहेरच्या अंगाला काढला असेल, असं मी ठरवून टाकलं. प्लंबर लोकांबद्दल माझं मत फार पूर्वीच पक्कं झालेलं आहे. मग मी मनातल्या मनात मजल्यांचा हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, की या बिघडलेल्या लाद्यांच्या बरोबर मागे ताईची खोली होती.

३

ताई पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती पलंगावर होती. आधी ती पुढच्या खोलीत झोपायची, जिथे मोठी खिडकी आहे आणि खालचं अंगण दिसतं. पण भावोजींच्या कमिटीच्या बैठका तिथे भरतात. आजारी बायकोसमोर अध्यक्षांनी बैठक कशी घ्यायची? म्हणून त्यांनी तिचा पलंग मागच्या खोलीत हलवला. तिथे खिडकी नाही, वर एक झरोका आहे तेवढाच. पलंगाची बाजू मागच्या भिंतीला लागलेली. उशा लावून ती त्या भिंतीला पाठ टेकून बसलेली असायची.

मी आईविना वाढलो. मला वाढवलं ते ताईने. ती स्वतः शाळेत असल्यापासून, मला रात्री झोप येईना झाली की ती माझी पाठ थोपटत बसायची, सावकाश, एका लयीत, आणि मी ते ठोके ऐकत झोपून जायचो. जगातल्या बहुतेक लोकांबद्दल मला तुच्छता वाटते. तिच्याबद्दल कधी वाटली नव्हती.

"धाकट्या, बरं झालं आलास," ती म्हणाली. तिच्या देखभालीला दिवसभर ठेवलेली मावशी चहा ठेवायला उठली. मावशी आत गेली तशी ताईने मला वाकायला खुणावलं. "मला पुढच्या खोलीत हलवायला सांग ना यांना. तुझं ऐकतील."

"का? काय झालं इथे?"

"ही भिंत गरम असते."

"पाइप असेल मागे."

"पाइप नाही रे." तिने आतल्या दाराकडे एक नजर टाकली. मग म्हणाली, "मी टेकले ना, की तिकडूनही कुणीतरी टेकतं. पाठीला पाठ लागते. मी पुढे झाले की ते जातं. परत टेकले की लगेच नाही टेकत, आधी थोडं थांबतं. मी झोपले की नाही ते बघत असल्यासारखं."

मी हसलो. आता सांगताना ते हसू मला जसंच्या तसं आठवतं, नाकातून सोडलेलं, भावोजींना बघून हसतो तसलं. भिंत काँक्रीटची, पलीकडे चार बोटांची फट, त्यापलीकडे दोन बोटं जाडीची लादी, आणि पुढे पाच मजले खाली जमीन. तिकडून टेकायला होतं कोण?

भावोजी दारात येऊन उभे राहिले होते. "हिचं हे रोजचं चालू आहे," ते म्हणाले. "मेव्हणे, तुम्ही जाणकार. तुम्ही म्हणालात भिंत खराब आहे, की आजच्या आज पलंग हलवतो. नाहीतर उगाच बैठकीच्या खोलीचा दवाखाना कशाला करायचा?"

"चालेल," ताई म्हणाली. तिने माझा हात धरला. "तू ठोकून बघ. तू सांगशील ते मी मानेन. चांगली म्हणालास तर इथेच राहीन, पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही."

४

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. लादी बद्द वाजली की मागच्या पोकळीत काही अडकलंय का ते बघावं लागतं. बिल्डरचे लोक काम करताना तिथे विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, जे हाताला लागेल ते टाकून देतात, वरून लादी बसवली की पाप झाकलं. असा कचरा लादीला आणि भिंतीला एकाच वेळी टेकून बसतो. मग एक माणूस बाहेरून लादीवर तीन ठोके देतो आणि दुसरा आत खोलीत भिंतीवर तळहात ठेवून थांबतो. मध्ये पोकळी रिकामी असेल तर आतल्या हाताला काही कळत नाही आणि तो गप्प राहतो. मध्ये काही अडकलेलं असेल तर हादरा हाताला लागतो, आणि तो उलट दोन ठोके देतो. दोन ठोक्यांचा अर्थ, मध्ये काहीतरी आहे. फोनवर बोलत बसलं तर ठोका कळत नाही, म्हणून ही खूण.

आतला माझा माणूस त्या दिवशी आला नव्हता. भावोजी म्हणाले, "ही पडूनच तर असते, हिला सांगा ना." मी ताईला पद्धत समजावून दिली आणि झुल्यात चढलो.

पहिल्या लादीवर तीन ठोके दिले. आतून लगेच दोन आले. दुसरीवर तीन, दोन आले. ओळीतल्या प्रत्येक लादीमागून दोन ठोके, न चुकता. माझे ठोके संपायचा अवकाश, की आलेच. मी झुला खाली घ्यायला लावला, पलंगाच्या पातळीच्या खाली, जिथे आत जमिनीची कड असणार. तिथूनही आले. ताई बरीच वाकत असणार, असं मला वाटलं. ठोके फार स्वच्छ ऐकू येत होते. माझ्या कानाचं मला कौतुक वाटलं आणि बिल्डरच्या नावाने मी दोन शिव्या हासडल्या. सगळी पोकळी कचऱ्याने भरलेली होती तर. बाक का आला, लाद्या बद्द का वाजतात, सगळ्याचा उलगडा झाला.

मी झुलेवाल्याला पलंगामागची लादी उतरवायला सांगितली. आकडे सैल केले, दोघांनी मिळून ती बाहेर ओढली, आणि मी बॅटरी लावून आत पाहिलं.

पोकळी रिकामी होती. विटेचा तुकडा नाही, धूळ नाही, कोळ्याचं जाळंही नाही. मी हात आत घालून जेवढा पोचेल तेवढा फिरवला. वर रिकामं, खाली रिकामं. काँक्रीट गुळगुळीत होतं आणि कोमट होतं. बाजूने पाइप कुठे गेलेला नव्हता.

मग आम्ही लादी झुल्यात उलटी करून ठेवली. लादीची मागची बाजू कारखान्यातून येते ती खडबडीत, करवतीच्या खुणांसकट. तिला कुणी पॉलिश करत नाही, कारण ती कुणाला दिसायची नसते. या लादीची मागची बाजू झिजलेली होती. मधोमध रुंद, उथळ खळगा, खुणा पार पुसल्या गेलेल्या. वर दोन बाजूंना झीज थोडी जास्त. जुन्या उंबऱ्याचा मधला भाग पायांनी झिजतो तशी ती झीज होती.

"पाण्याने झालंय का साहेब?" झुलेवाल्याने विचारलं.

"पाण्यानेच," मी म्हणालो. पाणी खालच्या दिशेने रेघा पाडत जातं, असं मधोमध बसून राहत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मी त्या वेळी दुसऱ्याच विचारात होतो. पोकळी रिकामी असेल तर ताईच्या हाताला हादरा लागलाच नसणार. तरी तिने प्रत्येक वेळी दोन ठोके दिले. याचा एकच अर्थ निघत होता. तिला पुढच्या खोलीत जायचं होतं, आणि त्यासाठी ती खोटं बोलली होती. माझ्याशी.

मी लादी परत बसवायला लावली, फटीत सीलंट भरायला लावलं आणि वर गेलो. ताई पलंगावर होती. तिचा चेहरा उतरलेला होता.

"पोकळी रिकामी आहे," मी म्हणालो. "ठोके कशाला दिलेस?"

"मी हात लावलाच नाही रे भिंतीला."

"ताई, मी काय लहान पोर आहे का? ओळीने सगळ्या लाद्यांना उत्तर आलं."

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग भावोजींना दारात पाहिलं आणि मिटलं. मला वाटलं, चोरी पकडली गेली. मला तिचा राग आला आणि रागाहून वाईट काहीतरी आलं. भावोजींकडे वळून मी सांगितलं, "भिंत चांगली आहे. काही हलवायची गरज नाही."

ताईने कबूल केल्याप्रमाणे शब्द काढला नाही. तिने मान हलवली आणि सावकाश मागे टेकून बसली.

५

बाकीच्या तीन बाजूंचं काम आटोपेपर्यंत ऋतू बदलला. मी रोज त्या इमारतीवर असायचो, पण पाचव्या मजल्यावर गेलो नाही. रुसलो होतो म्हणा. पन्नाशी उलटलेला माणूस थोरल्या बहिणीवर रुसून बसतो, यावर दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर मी चांगला हसलो असतो.

शेवटच्या तपासणीला झुला मागच्या फटीत लावला. भर दुपार होती, तरी तिथे नेहमीसारखा मळकट उजेड होता. पाचव्या मजल्यावर मी गाल लादीला टेकवून कडेने पाहिलं.

लाद्या सपाट होत्या.

मी डोळे चोळले. लोखंडी पट्टी काढून लादीवर आडवी धरली. पट्टीखालून उजेडाची रेघही दिसेना. शेजारची लादीही तशीच. पूर्ण ओळ तशीच. वाकलेला संगमरवर सरळ होत नाही. सुटलेले कण परत आपल्या जागी जाऊन बसत नाहीत. एकदा पोट सुटलं की सुटलं. या एका गोष्टीवर माझा सगळा धंदा उभा आहे.

मी ठोकलं. लादी स्वच्छ वाजली आणि आवाज मागच्या पोकळीत घुमला. पुढची वाजली, त्यापुढचीही वाजली. संपूर्ण इमारतीत एवढी छान वाजणारी भिंत दुसरी नव्हती. मी तळहात टेकवला. दगड गार होता.

"साहेब, ही तर सुधारली," झुलेवाला म्हणाला.

मी तीन ठोके दिले आणि वाट पाहिली. काही आलं नाही. पुन्हा दिले. गोदामाच्या भिंतीवरून माझेच तीन ठोके परत आले, तीनचे तीन. प्रतिध्वनी तीनाचे दोन करत नाही, म्हणजे त्या दिवशीचे दोन ठोके प्रतिध्वनी नव्हते. आणि एक गोष्ट मला त्या दिवशी सुचलीच नव्हती. आतल्या माणसाचे ठोके काँक्रीटमधून येतात, ते दबके येतात, कान लावून पकडावे लागतात. त्या दिवशीचे ठोके दबके नव्हते. ते लादीच्या आतल्या अंगावर पडत होते, माझ्यापासून हातभर अंतरावर.

बाक गेला, ऊब गेली. लादीमागे जे टेकून बसलेलं होतं ते आता टेकलेलं नव्हतं. मला एवढं कळलं आणि पुढचं कळायला नको होतं, म्हणून मी उगाच झुल्याचे दोर तपासत बसलो.

वर गेलो तेव्हा दार मावशीने उघडलं. भावोजी घरात नव्हते. मी तिला आतल्या दाराजवळच थांबवून हळूच विचारलं, "मावशी, मी बाहेरून ठोकत होतो त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

ती कावरीबावरी झाली. "आमच्या साहेबांना सांगू नका हं. तुम्ही झुल्यात चढलात आणि ताई लागल्या रडायला. मला इथून ने, म्हणाल्या, मी नाही लावायची हात. मग धरून धरून नेलं मी त्यांना पुढच्या खोलीत. साहेब खाली उभे होते ना, तेवढ्यात. तुम्ही ती लादी परत बसवली तेव्हा आणून झोपवलं."

"मग मागच्या खोलीत कोण होतं?"

"कुणी नाही. दार लावून घेतलं होतं मी."

"ठोके ऐकू आले तुम्हाला?"

"तुमचे आले," मावशी म्हणाली. "तीन आणि दोन, तीन आणि दोन. म्हटलं अशीच पद्धत असेल."

६

मागच्या खोलीत दिवा लावलेला होता. ताई पलंगाच्या मधोमध बसली होती, ताठ, कशालाही न टेकता. इतक्या महिन्यांत मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती. उशा पायाशी पडल्या होत्या.

"बरी दिसतेस," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला.

"बरी आहे. आता टेकावं लागत नाही." ती माझ्याकडे बघून हसली. हसणं तिचंच होतं. "रुसला होतास ना?"

"चुकलो मी, ताई. तू खरं सांगत होतीस. चल, पुढच्या खोलीत जाऊ. भावोजींच्या बैठका गेल्या खड्ड्यात, आजपासून तू तिथे झोपणार."

"आता कशाला?" ती शांतपणे म्हणाली. "आता काही त्रास नाही. भिंत गार झाली. मीच म्हणते, राहू दे इथे."

"मावशींना बोलावतो. दोघं धरून नेतो."

"धाकट्या." तिने माझं मनगट धरलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यात मला माझी ताई दिसली, घाबरलेली, लहान, मला चोरून काहीतरी विचारू पाहणारी. "तुझा कान चांगला. एकदा बघशील? मला काही कळेना झालंय. आतून काही जाणवतच नाही. तू सांगशील ते मी मानेन."

तिने पाठ माझ्याकडे केली.

गाऊन पाठीवर झिजला होता. मधोमध रुंद, आणि वर दोन्ही खांद्यांच्या हाडांवर जास्त, तिथे कापडाचे नुसते दोरे उरले होते. ती झीज मी पाहिलेली होती. झुल्यात, उलट्या ठेवलेल्या लादीवर. दोऱ्यांमधून आतली पाठ दिसत होती. पांढरी होती, गुळगुळीत, आणि दिव्याचा उजेड तिच्यात पुसट दिसत होता. मी नजर वळवली. मी जास्त पाहिलं नाही, आणि कुणी शपथ घालून विचारलं तरी याहून जास्त सांगता येणार नाही.

लहानपणी ती माझी पाठ थोपटायची. मी हात पुढे केला तो तिची थोपटायला केला, ठोकायला नाही. पण माझा हात आयुष्यभर एकच काम करत आलाय. त्याने तीन वेळा थोपटलं.

माणसाची पाठ बद्द वाजते. मांस असतं, रक्त असतं, श्वास असतो. ताईची पाठ स्वच्छ वाजली. आवाज आत गेला आणि किंचित घुमला, चार बोटांच्या पोकळीत घुमतो तेवढाच.

मी हात काढून घेणार होतो. तेवढ्यात माझ्या तळहाताखाली, आतून, दोन ठोके आले.

ताई हलली नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तिने मान वळवली नाही, फक्त विचारलं, "कशी आहे रे?"

जन्मभर मी लोकांना तोंडावर खरं सांगत आलो. बिल्डरना, अध्यक्षांना, ज्यांना ऐकायचं नव्हतं त्या सगळ्यांना. खोटं बोलणाऱ्यांची मला कीव यायची. माझा हात अजून तिच्या पाठीवर होता आणि त्याच्याखाली काहीतरी वाट बघत थांबलं होतं, आधी थोडं थांबतं म्हणाली होती तसं.

"चांगली आहे," मी म्हणालो. "काही हलवायची गरज नाही."

तिने मोठा सुस्कारा सोडला आणि माझ्यावर विसंबून सावकाश मागे, माझ्या हातावर टेकली.